बशीची कड

ताई,

तुझी बशी अजून ओट्यावरच आहे. गॅसच्या डाव्या बाजूला, गाळण्याशेजारी. कप नीलाने कपाटात ठेवला, पण बशीला ती हात लावत नाही आणि मलाही लावू देत नाही. ती उचलली की तू खरंच गेलीस असं होईल, अशी काहीतरी तिची समजूत असावी. माझीही तीच समजूत आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असं मला सांगितलंय. तू कुठे शिकलीस, कुठल्या कारखान्यात होतीस, किती टी-सेट काढलेस, असं सगळं त्यांना हवंय. ते मी देणार नाही. ते लिहायला बसलो की तिसऱ्या ओळीत तुझ्याशी भांडायला लागतो. आपल्याला दुसरं काही येतच नव्हतं. नीला तर लग्न झाल्यापासून म्हणायची, तुम्ही दोघं बहीणभाऊ एका खोलीत असलात की मध्ये एक बशी असतेच.

ही बशी पहिल्यांदा घरी आली तो दिवस तुला आठवत असणार. मी शाळेत होतो आणि तू कारखान्याच्या डिझाइन खात्यात नुकतीच लागली होतीस. ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत तू गवत भरलेलं खोकं घेऊन आलीस आणि जमिनीवर बसून एकेक कप बाहेर काढलास. सरळ उभा, खाली किंचित निमुळता कप. कानात एकच बोट जाईल. पांढऱ्यावर एकच राखी-निळी पट्टी. आईने कप फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "यावर फुलं कुठायत?" तू म्हणालीस, फुलं नाहीत, आकार बघ. आईने आकार बघितला. तिला त्यात काही दिसलं नाही, पण तुझ्या तोंडाकडे बघून ती छान आहे म्हणाली.

मग अण्णांसाठी त्याच कपात चहा केला. अण्णांनी जन्मभर जे केलं तेच केलं, कप उचलला आणि बशीत ओतला. तुझी बशी सपाट. कड म्हणून जी काही होती ती नखाएवढीसुद्धा नव्हती. चहा या बाजूने शिरला आणि त्या बाजूने अण्णांच्या पेपरवर गेला. मी फिदीफिदी हसलो आणि आईची चापट खाल्ली.

तू म्हणालीस, बशी पिण्यासाठी नसतेच, कप ठेवायला असते. आता जगात सगळीकडे असंच आहे. मग अण्णांचा चेहरा बघून तुझा आवाज उतरला. "आणि प्यायचाच असेल तर थोडा ओता, अण्णा. एका घोटापुरता. हात सरळ धरा. राहतो."

हात सरळ धर, राहतो. हे वाक्य मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असेन. मी म्हणायचो, कड दोन सूत वर घेतली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? तू म्हणायचीस, दोन सूत वर घेतली की ती बशी राहत नाही, वाटी होते. मी जहाजावर लागलो तेव्हा पहिल्याच पत्रात तुला चिडवायला लिहिलं होतं, की इथे समुद्र खवळला की मेसमधल्या खोल बशासुद्धा टेबलावरून पळतात, तुझी बशी इथे एक दिवस टिकणार नाही. तुझं उत्तर पुढच्या बंदरात माझी वाट बघत होतं. त्यात बाकी खुशाली होती आणि शेवटी एक ओळ, मग जहाज सरळ धर.

तू हट्टी होतीस. हे मेलेल्या माणसाबद्दल लिहू नये म्हणतात, पण तू मेल्यामुळे कमी हट्टी झालेली नाहीस.

त्या अण्णांच्या चहानंतर काय झालं त्याबद्दल आपण दोघं कधी उघड बोललो नाही. तू समोर असलीस की अण्णा तुझ्या कपातूनच प्यायचे, गरम गरम, जीभ भाजून घेत. तू कामावर गेलीस की त्यांची जुनी, खोल, गुलाबाची बशी बाहेर यायची. एकदा तू लवकर घरी आलीस तेव्हा ती बशी मोरीपाशी उपडी वाळत होती. तू ती पुसून फडताळात ठेवून दिलीस. मी ते बघत होतो.

पुढे ते कारखाने मंदावले. आधी स्टील आलं, मग ते न फुटणारं प्लास्टिक. तू शाळेत चित्रकला शिकवायला लागलीस आणि सेटबिटचा विषय मिटला. तुझं नाव कशावरच नव्हतं. कपाच्या पोटाखाली कारखान्याचा शिक्का, बस. मला त्याचा राग यायचा. तुला यायचा नाही, निदान तू दाखवायची नाहीस. "नाव घालायचं ते लग्नात दिलेल्या पातेल्यावर," असं म्हणायचीस. "कपावर नाव घातलं तर माणूस चहा पिताना माझ्याकडे बघेल. त्याने चहाकडे बघावं." एवढं चांगलं बोलून झाल्यावर मी दोन सुतांचा विषय काढायचो आणि तू मला खोलीबाहेर घालवायचीस.

आणि मग मागच्या वर्षी मला तो कप दिसला. नीलाला जू चियाटच्या बाजारात काही घ्यायचं होतं आणि मी कंटाळून शेजारच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. इथल्या तरुण पोरांना सध्या त्या काळातल्या खुर्च्या, दिवे, कपबशा यांचं वेड आहे. मधल्या फळीवर राखी-निळी पट्टी. कपाखालचं शिक्क्याचं चित्र घासून गेलं होतं, पण मला शिक्का बघायची गरज नव्हती. मी बशी उचलून आधी कड बघितली. नखाएवढीसुद्धा नाही. पुढे चिठ्ठी लावलेली, "स्कॅन्डिनेव्हियन स्टाइल". तिथे उभा राहून मी एकटाच हसलो. मग तुला फोटो पाठवला आणि तू पुढच्या महिन्यात हजर झालीस. गुडघे दुखतात म्हणून आमच्याकडे यायचं इतकी वर्षं टाळणारी बाई, एका बशीसाठी विमानात बसली.

तुला त्या दुकानात नेलं तेव्हा तिथल्या मुलीला मी सांगितलं, हिने केलंय हे. तिने तुझ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं आणि म्हणाली, "रिअली आ, ऑन्टी? सो कूल." तिला तुझा फोटो हवा होता. तू फोटो काढू दिला नाहीस. तू तिला विचारलंस की लोक हे घेऊन करतात काय? ती बिचारी खरं बोलली. कपात लहान कॅक्टस लावतात. बशी कानातली ठेवायला, नाहीतर बाथरूममध्ये साबण ठेवायला. मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. तू मात्र नीट ऐकून घेतलंस आणि मला मराठीत म्हणालीस, "साबण राहतो ना? मग सपाटच बरी."

ती चिठ्ठी बदलून घेऊ का, असं मी विचारलं. तू नको म्हणालीस. म्हणालीस, ते अगदीच खोटं नाहीये. आम्ही तरी काय, वाचनालयात येणारी ती परदेशी मासिकं पानं फाटेपर्यंत बघायचो. त्यांचं गिरवता गिरवता हात बसला, मग आपलं सुचायला लागलं. साच्याचे लोक, भट्टीचे लोक, पट्टी ओढणाऱ्या बायका, सगळ्यांनी मिळून ते निघायचं. नावच लावायचं तर कुणाकुणाचं लावशील? मग स्वतःच केलेली कपबशी तू विकत घेतलीस आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर ठेवून एमआरटीच्या गाडीने चोआ चू कांगला, आमच्या घरी आणलीस. पूर्ण प्रवासात तिच्यावरचा हात काढला नाहीस.

आता मला जे सांगायचं आहे तिथे येतो, कारण ते तुला सांगायचं राहून गेलं आणि त्यामुळेच हे लिहितोय.

आपण आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये बसलो होतो. पलीकडच्या टेबलावर बनियन घातलेले एक चिनी आजोबा. जाड कप, त्यावर हिरवी फुलं. त्यांनी काळी कॉफी बशीत ओतली, बशी दोन्ही हातांनी ओठाशी नेली आणि आवाज करत प्यायली. मी तुला कोपर मारलं. "बघ, अण्णा." मला वाटलं आता तू नेहमीचं ऐकवशील. तू ऐकवलं नाहीस. त्यांच्याकडेच बघत म्हणालीस, "अण्णांनी एकदा तरी प्रयत्न करायला हवा होता रे."

मी माझा कप खाली ठेवला.

"एकदाच ओतला, सांडला, आणि मग जुनी बशी काढली. मला वाटलं होतं, मुलीने केलंय म्हणून तरी दोनदा बघतील."

ताई, इतक्या वर्षांत तू हे कधी बोलली नव्हतीस. मी समजत होतो की आपलं भांडण गमतीचं आहे. तुझ्या पोटात हे होतं हे मला माहीतच नव्हतं, आणि माझ्या पोटात काय होतं ते तुला माहीत नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या आजोबांना कळलं की आपण त्यांच्याकडे बघतोय. ते हसले आणि त्यांनी तुला बशी कशी धरायची ते दाखवलं. "टू हॅन्ड, टू हॅन्ड. स्लो-स्लो." तूही हसलीस, डोळे पुसलेस, रिकामे हात धरून त्यांना करून दाखवलंस. म्हटलं, असो, हे टपरीवर सांगायचं नाही, घरी निवांत सांगू. संध्याकाळी आमची ऋचा आली, तुझी लाडकी भाची, मग गप्पा झाल्या, जेवणं झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू बाथरूममधून बाहेर आलीस ती भिंत धरून, अर्धं तोंड ओढलेलं.

सांगायचं होतं ते हे.

एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी घरी आलो. आई बाहेर गेली होती. अण्णा मोरीच्या कठड्यावर बसले होते, हातात तुझी बशी, शेजारी पाण्याचा तांब्या. ते बशीत थोडं पाणी ओतायचे आणि ती ओठांकडे न्यायचे. वाटेतच पाणी कडेवरून सुटायचं आणि कोपरापर्यंत ओघळायचं. पुन्हा ओतायचे. त्यांचा लेंगा गुडघ्यापर्यंत भिजला होता. मला बघून ते दचकले. म्हणाले, "काही नाही, विसळतोय." मग त्यांनाच ते पटलं नाही. "ताईला सांगू नकोस," म्हणाले. "जमलं की तिच्यासमोर पिईन."

ते किती दिवस चाललं मला माहीत नाही. चहाची वेळ नसताना तुझी बशी ओली सापडायची. मग एक दिवस ती ओली सापडेनाशी झाली आणि अण्णांनी गुलाबाची बशी काढली. दोनदा बघणं सोड, ताई, त्यांनी किती वेळा बघितलं असेल देव जाणे. त्यांना जमलं नाही, एवढंच.

मी त्यांना शब्द दिला होता, म्हणून बोललो नाही. पण तेवढंच नव्हतं. ते सांगितलं असतं तर तुला अण्णा मिळाले असते आणि दोन सुतांच्या भांडणात तू हरली असतीस. मला दोन्ही एकदम करायचं नव्हतं. मला फक्त पहिलं सांगायचं होतं, आणि त्यातून दुसरं वजा करता येत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्या गिळण्याच्या तज्ज्ञ मुलीने मला कागदावर चित्र काढून समजावलं. दोन पाइप, एक अन्नाचा, एक हवेचा, मध्ये झाकण. ते झाकण वेळेवर पडत नाही, म्हणून पातळ काही दिलं की ते फुप्फुसात जातं. "नो थिन फ्लुइड्स, अंकल. व्हेरी डेंजरस." माझं सगळं आयुष्य पाइप आणि व्हॉल्व्ह यांत गेलं. तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात लोक मला लांबून बोलवायला यायचे, आवाज ऐकून सांगायचो की कुठला व्हॉल्व्ह धरत नाही. आणि इथे माझ्या बहिणीच्या गळ्यातलं एवढंसं झाकण, आणि मी तो कागद हातात धरून उभा. पाना लावायचा कुठे? मी तिला दोनदा विचारलं की यावर काही करता येतं का. ती म्हणाली, व्यायाम आहेत, वाट बघायची. वाट बघण्याइतकं वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

तू सारखा चहा मागायचीस. जीभ जड झाली होती, पण तो एक शब्द स्पष्ट यायचा. चहा द्यायचा तर त्यात ती घट्ट करायची पांढरी पावडर घालून, ढवळून, चमच्याने, हनुवटी खाली करून. पहिला चमचा तोंडात गेल्यावर तू माझ्याकडे असं बघितलंस की मी खिडकीकडे वळलो. मग कष्टाने एकेक अक्षर जोडत म्हणालीस, "चहाचं पिठलं." नर्स विचारत होती ऑन्टी काय म्हणाली. काय भाषांतर करणार?

मला काही म्हणता काही करता येत नव्हतं, म्हणून मी ती कपबशी तिथे घेऊन आलो. निदान त्या प्लास्टिकच्या पेल्यातून नको, एवढाच विचार. ऋचा उशी नीट करत होती. मी तो घट्ट चहा कपात ओतला, आणि मग का कोण जाणे, अण्णांसारखा बशीत.

तो राहिला.

घट्टच होता तो, जाणार कुठे? मधोमध जाड तपकिरी गोल होऊन बसला. मी बशी थोडी तिरकी केली, तरी कडेपर्यंत जाऊन थांबला. तू मान वळवून बघत होतीस. तुझं चालणारं अर्धं तोंड हसायला लागलं. आधी मला कळलंच नाही काय झालं. तू बशीकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, "राहिला."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. ही पावडरची कमाल आहे, हा चहाच नव्हे, हे चीटिंग आहे. खरं तर मी "हे बघ ताई" एवढं म्हणालोही. ऋचाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, लेट हर विन, ला."

मग मी म्हणालो, "हो ताई. राहिला." आणि तू डोळे मिटून घेतलेस, पेपर सोडवून झालेल्या मुलीसारखे. मी त्या बशीतूनच तुला चमच्याने भरवला. तू सगळा घेतलास. चेहरा वाकडा केला नाहीस.

अण्णांचं त्या दिवशी सांगणार होतो. रोज ठरवत होतो, त्या दिवशी तर नक्कीच. पण इतक्या वर्षांनी तू जिंकली होतीस आणि मोरीपाशी ओघळणारं पाणी मला त्या खोलीत आणवलं नाही. म्हटलं, उद्या. उद्या तुला ताप होता आणि छातीत घरघर. परवा तोंडावर मास्क. मी तुझा हात धरून बसायचो, बोलायला वाकायचो, आणि कुणीतरी यायचं, रक्त घ्यायला, कूस बदलायला. एकदा मी "ताई, अण्णा" एवढं म्हणालो. तुझा हात हलला, की माझाच थरथरला, ते मला आजही सांगता येणार नाही. मग सगळं संपलंच.

लोक मला म्हणतात, तुम्ही शेवटपर्यंत बरोबर होतात, याचं समाधान माना. मी काय करत होतो तिथे? बसलो होतो. पण एका गोष्टीसाठी मी त्या दुकानाचा, त्या चिठ्ठीचा आणि तुझ्या हट्टाचा ऋणी आहे. त्यांच्यामुळे तू माझ्या घरी आलीस. तीन खोल्यांच्या या फ्लॅटमध्ये तुझ्या भांडणाचा आवाज झाला. आणि तुझं एक वाक्य खरं होताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, ते कसं का खरं झालं असेना.

आज सकाळी नीला खाली भाजी आणायला गेली तेव्हा मी बशी उचलली. सिंकपाशी गेलो आणि नळाखाली धरली. थोडंच पाणी घेतलं, तू सांगायचीस तसं, एका घोटापुरतं. ओठांपर्यंत नेता नेता कडेवरून सुटलं. पुन्हा घेतलं. पुन्हा. शर्टाची बाही भिजली, पुढचा भाग भिजला. दार वाजलेलं मला कळलं नाही. नीला मागे उभी राहून विचारत होती की हे काय चाललंय.

"काही नाही, विसळतोय," मी म्हणालो.

तिने पिशवी खाली ठेवली, पण माझ्या हातातून बशी घेतली नाही. मी आणखी एकदा पाणी भरलं. तेही कोपरापर्यंत ओघळलं. मी हात सरळच धरला होता, ताई.